ताप नव्हता

४ मार्च

दादा,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. चार वर्षं ज्याला तोंड दाखवलं नाही, त्याला एकदम साष्टांग घालायचा म्हणजे नाटकच झालं. फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते, 'ते बाहेर गेलेत' म्हणते, आणि मागून तुझं खोकणं ऐकू येतं. म्हणून पत्र.

घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणी असं म्हटलं की माझं धाबं जास्तच दणाणतं, हे तुला सांगायला नको. बायकांचं दुखणं आहे, तुला काय सविस्तर लिहू? पोटात गाठी आहेत. साध्याच आहेत, तपासून झालंय. पण वर्षभर इतकं रक्त गेलंय की अंगात हिमोग्लोबिन सातच उरलंय, बारा हवं म्हणे. दुकानाचा जिना चढताना मधे दोनदा बसते. गिऱ्हाइकाला वाटतं, बाई पायऱ्यांचं माप घेतेय.

तर गर्भपिशवी काढावी लागणार. आणि ती काढायची तर रक्ताची एक पिशवी आधी हातात हवी, नाहीतर मी सुरी उचलणार नाही, असं बाई म्हणाल्या. एक पिशवी घ्यायची आणि एक द्यायची, असा हा व्यवहार. मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा रक्तगटाचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

तुला माहीत आहे आपला बॉम्बे गट कसा आहे ते. दिसायला साधा ओ, पण साधा ओ चढवला तर जीव जाईल. आपल्यातल्याच कुणाचं तरी हवं. रक्तपेढीच्या यादीत अशी नऊ माणसं आहेत, त्यातले आपण दोघं.

पोरीच्या वेळी तू दिलंस. तुझ्याच रक्तावर ती आणि मी उभ्या आहोत, हे मी विसरलेली नाही. आठवण म्हणून दर वर्षी पोरीच्या वाढदिवसाला तुला नवे पडदे शिवून पाठवत होते की नाही? चार वर्षांपूर्वीपर्यंत कधी चुकवलं नाही.

आणि चार वर्षांपूर्वीचं म्हणशील तर त्या वेळी मला खरंच बरं नव्हतं. ते एकदा स्पष्ट झालेलं बरं.

एक पिशवी देशील का?

तुझी,
भागू

(तू ठेवलेलं नाव आहे, म्हणून लिहिलं. भित्री भागूबाई म्हणायला आता घरात कुणी नाही.)

११ मार्च

दादा,

आठवडा झाला. पोस्टमन आला की मी मशीन थांबवते. तो वरच्या मजल्यावर जातो, मी पुन्हा चालू करते. काल एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला चुण्या उलट्या बाजूने घातल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ह्यांना मी अजून रक्ताच्या पिशवीचं वगैरे सांगितलेलं नाही. साधं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलंय. पोरगी मात्र माझ्याकडे टक लावून बघते. परवा म्हणाली, "आई, तू किती पांढरी झालीस. कापडासारखी." मी म्हटलं, अस्तराचं कापड की वरचं? ती रडायला लागली. मला विनोद करायची वाईट खोड आहे, भीती वाटली की जास्तच.

गेल्या पत्रात एक खोटं लिहिलं. तू ते ओळखलं असणार आणि त्यामुळेच उत्तर आलं नसणार, म्हणून खरं लिहिते.

मला ताप नव्हता.

रक्तपेढीतून फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही, तुमच्याच गटाची आहे, ताबडतोब या. मी विचारलं, माझ्या दादाला बोलवा ना. म्हणाल्या, त्यांनी दिलेल्याला तेवीसच दिवस झालेत, त्यांचं घेता येत नाही. तुम्हीच आहात जवळ. मी म्हटलं, मला ताप आहे. किती? एकशे दोन. कधीपासून? कालपासून. एकेक खोटं इतकं पटापट सुचत गेलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. एरवी घाबरले की मी ततपप करते.

मग तू आलास. तुला खरंच वाटलं होतं मी आजारी आहे. हातात गोळ्यांची पुडी होती. आणि मी दुकानात स्टुलावर चढून समोरच्या काचेला पडदा टांगत होते. तू म्हणालास, "खाली उतर." मी उतरले. तू कपाळाला हात लावलास. माझ्या कपाळाला. थंडगार होतं. तू पुडी कटिंगच्या टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं, मी रडले असते आणि विषय मिटला असता.

सगळे म्हणतात, दिवसभर सुईशी खेळणारी बाई सुईला घाबरते. मीही तेच सांगते, कारण ते हसण्यावारी जातं. मी सुईला घाबरत नाही, दादा. पोरीच्या वेळी मी त्या पलंगावर पडले होते आणि रक्त जात होतं. सिस्टर चादर बदलत होत्या, पुन्हा बदलत होत्या. मला कळत होतं की हे थांबत नाहीये, आणि त्यांनाही कळत होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की माझ्या अंगातून एकदा रक्त निघायला लागलं की ते थांबणार नाही. बोटाला कात्री लागली तरी मला दरदरून घाम येतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आणि त्या बाळंतिणीलाही तेच होत होतं. तेच. मला फोनवरच समजलं होतं. इतकं नीट समजणारी त्या दिवशी माझ्याशिवाय दुसरी कुणीही नव्हती, आणि मी एकशे दोन ताप सांगितला.

तिचं काय झालं, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. पुढच्याच आठवड्यात फोन नंबर बदलला. ह्यांना सांगितलं, जाहिरातीचे फोन फार येतात.

भागू

१८ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. माझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला लिहून पाठवलंस, कागदाचासुद्धा उपकार नको असल्यासारखं. सहा ओळी. शंभरदा वाचल्या. इथे उतरवून काढते, म्हणजे मी काही चुकीचं वाचलेलं नाही हे तुलाही दिसेल.

'दोन वर्षं इन्सुलिन सुरू आहे. माझं घेत नाहीत. रक्त मिळेल. देणारी तीच आहे जिच्या वेळी तू ताप सांगितलास. दर चार महिन्यांनी येऊन देते, कुणी बोलावो न बोलावो. तिला खरं तू सांगायचं, आणि रक्त घ्यायच्या आधी सांगायचं.'

तुला साखर झाली आणि मला कळवलंही नाही. वहिनीने तरी कळवायचं. पण कुठल्या तोंडाने म्हणू?

ती जिवंत आहे! मी हे वाचलं आणि मशीनवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. गिऱ्हाईक बाई उभी होती, तिला वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, नाही हो, कुणीतरी आहे.

पाचेक मिनिटं मी खूप सुखात होते. मग पुढची ओळ पुन्हा वाचली.

हे कसलं रे तुझं? परीक्षा घेतोस? चार वर्षं तू बोलला नाहीस, आणि बोललास ते असं. ती उठून निघून गेली तर? जाईलच. मी असते तर मीही गेले असते. दुसरी पिशवी कुठून आणायची? डॉक्टरीणबाई म्हणाल्यात की महिनाभर थांबलात तर मग ऑपरेशन झेपणारही नाही. हे तुला लिहिलं नव्हतं, कारण लिहिलं की ते खरं होतं. आता लिहिलं.

तुला कळतंय का, तू मला काय करायला सांगतोयस ते?

भागू

२१ मार्च

दादा,

रक्तपेढीत फोन केला. सव्वीस तारीख ठरली. ती सकाळी अकराला येणार आहे. मी सिस्टरला आडून आडून विचारलं, यादीतल्या दुसऱ्या कुणाचं नाही का मिळणार? त्या म्हणाल्या, "अहो बाई, हे पडद्याचं कापड आहे का, दुसरा रंग दाखवा म्हणायला?" मी पडदे शिवते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी मला वाटलं, सिस्टरना सगळं कळलंय. हल्ली मला सगळ्यांविषयी असंच वाटतं. दुधवाला नीट बघत नाही असं वाटतं.

सिस्टर भल्या आहेत. त्यांनी सांगितलं की ती बाई शाळेत गणित शिकवते, आणि दर वेळी स्वतःच फोन करून तारीख घेते. 'आमच्याकडे सणावाराला येणारे पुष्कळ असतात बाई, हार घालून फोटो काढणारे. ही एकटी अशी की वर्षभर येते आणि गुपचूप येते.' आणि म्हणाल्या, तुमचे दादा पण असेच होते, रक्त देणं बंद झालं तेव्हा इथे बसून डोळे पुसत होते.

तू डोळे पुसलेस? तू?

मी तुला स्पष्टच लिहिते. मी तिला सांगणार नाही. नंतर सांगेन, ऑपरेशन झाल्यावर, पायावर उभी राहिल्यावर. हवं तर रोज तिच्या दारात जाऊन सांगेन. पण आधी नाही. माझी पोरगी एकोणीस वर्षांची आहे. तिला आई लागते अजून. भाजीत मीठ किती हेसुद्धा ती मला फोन करून विचारते. तुला कळणारही नाही मी सांगितलं की नाही.

हे पत्र टाकू की नको, ठरत नाही. टाकते.

भागू

२६ मार्च

दादा,

सगळं जसं झालं तसं लिहिते.

मी साडेदहालाच जाऊन बसले. पोरगी बरोबर होती, तिला खाली औषधं आणायला पाठवलं. बाहेरची खोली लहान आहे, तुला माहीतच आहे. चार खुर्च्या आणि पाण्याचं पिंप. अकराला पाच कमी असताना ती आली. बारीकशी आहे, वेणी घालते, खांद्याला वह्यांची जड पिशवी. माझ्या शेजारीच बसली आणि पिशवीतून बिस्किटं काढून खायला लागली. रिकाम्या पोटी देत नाहीत म्हणून. माझ्याकडे बघून म्हणाली, "पहिल्यांदाच का? घाबरू नका. मी दर वेळी घाबरते, अजून सवय झाली नाही." आणि पुडा माझ्यापुढे केला.

मी तो घेतला असता तर गप्प बसले असते. नक्की बसले असते. सगळं ठरलेलंच होतं. पण बिस्किटाला हात लावता येईना. हात उचलायचा म्हटलं तरी उचलेना.

मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी तुमच्यासाठी जिला फोन केला होता ती मी. ताप आहे म्हणून आले नाही. मला ताप नव्हता."

तिने पुडा खाली ठेवला. नीट मिटून ठेवला, मुंग्या लागू नयेत असा.

"मग काय होतं?"

"भीती."

"कसली?"

मी सुईची म्हणणार होते. तोंडात आलं होतं. मग तुला अकरा तारखेला जे लिहिलं ते सांगितलं, की एकदा निघालं की थांबणार नाही असं वाटतं.

ती अगदी हळू म्हणाली, "माझं थांबत नव्हतं." आणि म्हणाली, "बाहेरगावाहून पिशवी यायला आठ तास लागले. तेवढा वेळ नव्हता, म्हणून गर्भपिशवी काढली. मी एकोणतीसची होते. मुलगी आहे, चार वर्षांची. ती भाऊ हवा म्हणते."

मग तिने विचारलं, "आज हे का सांगताय?"

"आजची पिशवी मला हवी आहे."

ती उठली आणि दार ढकलून निघून गेली. काचेतून मला तिची वेणी जिना उतरताना दिसली. वह्यांची पिशवी तशीच खुर्चीवर राहिली.

दादा, पोरीच्या वेळी मी घाबरले होते, पण तेव्हा अर्धी बेशुद्ध होते. आज पूर्ण शुद्धीत होते. सिस्टर बाहेर आल्या, "कुठे गेल्या त्या?" म्हणाल्या. मी म्हटलं, मी घालवलं त्यांना. त्यांना वाटलं मला भ्रम झालाय, त्या मला पाणी द्यायला लागल्या. पोरगी औषधं घेऊन वर आली तर तिला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. तुझा रागही आला. खूप आला. तुझं ऐकलं म्हणून मी मरणार, असं वाटलं.

वीस मिनिटांनी ती परत आली. तोंड धुऊन आली होती, पुढचे केस ओले होते. माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाली, "चला, घ्या. मला दोनचा तास आहे." आणि आत जाता जाता मला म्हणाली, "तुम्हीही या. इथे उभ्या राहा. डोळे मिटायचे नाहीत."

मी उभी राहिले. भिंतीला धरून. सुई गेली तेव्हा तिने तोंड फिरवलं, मी नाही फिरवलं. नळी लाल झाली. ती पिशवी एका छोट्या मशीनवर खालीवर हलत असते आणि हळूहळू फुगते. आठ मिनिटं लागली. आठ मिनिटं मी घड्याळाकडेसुद्धा बघितलं नाही. मग सिस्टरने सुई काढली, कापूस दाबला, हात कोपरात दुमडायला सांगितला. थोड्या वेळाने कापूस उचलून बघितला. थांबलं होतं.

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय आखडून घेतले. म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तसं समजू नका. रक्त देणं वेगळं आणि माफ करणं वेगळं."

मी म्हटलं, "मग का दिलंत?"

"मला कुणी दिलं ते मला माहीत नाही. आठ तासांच्या गावाहून आलेली पिशवी, वर नाव नव्हतं. त्याने माझी चौकशी केली असती तर? मी काही फार चांगली बाई नाही." मग चपला घालता घालता म्हणाली, "आणि आभार मानू नका. आभार मानले की माणूस मोकळा होतो. तुम्ही मोकळं व्हायचं नाही."

वह्या उचलून ती गेली. बिस्किटाचा पुडा विसरली. मी तो पोरीला दिला, मला खाववेना.

पंधरा वर्षं मी तुला पडदे पाठवत होते आणि मोकळी होत होते, हे मला आज कळलं. वहिनी म्हणायची, खिडक्या तीन आणि पडद्यांचे जोड पंधरा.

सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे. मला भयंकर भीती वाटतेय. हे विनोदाने लिहायचा प्रयत्न केला, जमला नाही.

तू ये.

भागू

९ एप्रिल, पुढचं वर्ष
रक्तपेढी, आतली खोली

दादा,

ही चिठ्ठी सिस्टर तुला बाहेर आणून देतील. तू बाकावर वर्तमानपत्र उलटं धरून बसला असशील.

रक्त चढवून घेतलेल्याला वर्षभर देता येत नाही म्हणून आजपर्यंत थांबावं लागलं. वर्षभरात एक दिवस असा गेला नाही की मला ह्या दिवसाची धडकी भरली नाही. माझं हिमोग्लोबिन तेरा आहे, वजन भरपूर आहे, सगळं तपासून झालं. तरी सकाळपासून तीनदा परत जायचं ठरवलं. गणिताच्या बाईंना मी इथे यायचं कळवलं नाही, कळवलं की ते त्यांना दाखवण्यासाठी केल्यासारखं होईल. तुलाही कळवणार नव्हते, पण एकटीने यायचा धीर झाला नाही.

मी सिस्टरला दोनदा विचारलं, आज कुणाला हवंय? कुणी बाळंतीण आहे का, कुणाचं ऑपरेशन? नाव तरी सांगा, म्हणजे मला बळ येईल. त्या म्हणाल्या, "आज कुणालाच नकोय. कुणाचा फोन नाही. गोठवून ठेवू, कधीतरी लागेल." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "परत जायचंय का?"

मी म्हटलं, जायचंय, पण जात नाही.

फॉर्मवर पेशंटच्या नावाचा एक रकाना आहे. तिथे काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, रिकामा सोडा. सोडला.

हाक मारतायत. तू आत येऊ नकोस, पण उठून जाऊही नकोस.